प्रवासवर्णनातील बाग

मराठी प्रवासवर्णनांत मोठ्या शहराचे प्रकरण आले की त्याचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी राजवाडा, मग देवालय, मग वस्तुसंग्रहालय, मग बाजार. बाग येते ती दोन ठिकाणांच्या मधल्या वेळात. ती ‘रम्य’ असते, तेथे प्रवाशाचा ‘शीण हलका होतो’, आणि पुढच्या वाक्यात मंडळी गाडीत बसलेली असतात. अशी वर्णने आम्ही गेली अनेक वर्षे आवडीने वाचत आलो आहोत. आमच्या मंडळाच्या सभासदांनी लिहिलेलीही त्यांत आहेत. ज्या जागी लेखक सर्वांत निवांत बसला, तिच्याविषयीच त्याने सर्वांत कमी लिहावे, हे वैगुण्य मात्र आम्हांस दिवसेंदिवस अधिक खटकू लागले आहे.

याचे कारण लेखकांच्या आळसात नाही. ते ‘पाहण्या’च्या आपल्या कल्पनेत आहे. पाहणे म्हणजे वस्तू पाहणे, असे आपण धरून चालतो. घुमटाची उंची सांगता येते, मूर्तीचे शतक सांगता येते. बागेत असे काय सांगावे? म्हणून बागेतही आपण वस्तूच शोधतो. बंगळूरचे लालबाग घ्या. हैदर अलीने १७६० च्या सुमारास आरंभिलेल्या आणि आज सुमारे २४० एकर पसरलेल्या या बागेविषयी आपल्या प्रवाशाला सांगायचे असते ते १८८९ साली पायाभरणी झालेल्या काचगृहाविषयी, टेकडीवरील केंपेगौडाच्या बुरुजाविषयी आणि फुलांच्या प्रदर्शनाविषयी. तिन्ही गोष्टी उल्लेखनीय आहेत यात शंका नाही. पण तिन्ही सांगून झाल्यावरही बाग सांगायची राहूनच जाते.

ती का राहते, याचे उत्तर त्याच बागेच्या इतिहासात आहे, आणि त्याचा एक धागा आमच्या बडोद्याशी जुळलेला आहे. गुस्ताव हेरमान क्रुम्बिगल हे जर्मन उद्यानतज्ज्ञ लंडनच्या क्यू उद्यानात काम करून १८९३ साली बडोदा संस्थानच्या सेवेत आले. सयाजीराव महाराजांच्या पदरी काही वर्षे काढून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते म्हैसूर संस्थानात गेले आणि लालबागेचा कारभार त्यांच्याकडे आला. बंगळूरच्या रस्त्यांवर झाडे लावताना त्यांनी अवलंबिलेले तत्त्व असे, की देशी-विदेशी वृक्षांची निवड बहराचा क्रम पाहून करावी. एकाचा बहर ओसरत असताना दुसऱ्याचा सुरू व्हावा आणि वर्षभर शहरात कोठे ना कोठे फुले असावीत. हिवाळा सरता सरता गुलाबी टॅबेबुया, त्यामागून जांभळा जॅकरंडा, पुढे एप्रिल-मे महिन्यांत गुलमोहर, असा तो क्रम आजही तेथील रहिवाशांना परिचित आहे.

याचा अर्थ असा, की बागवानाने ही रचना जागेत केली तशीच काळातही केली आहे. तिची बारा पाने आहेत. अर्ध्या दिवसाच्या प्रवाशाच्या वाट्याला त्यांतले एकच येते, आणि तो लिहितो मात्र सगळे पुस्तक वाचल्याच्या थाटात. कोणत्या महिन्यात गेलो, कोणत्या प्रहरी गेलो, कोणते झाड पर्णहीन होते आणि कोणते फुललेले, हे ज्या वर्णनात नाही, ते कोणत्याही बागेला लागू पडते. म्हणून ते कोणत्याच बागेचे नसते.

या बाबतीत मराठीत आदर्श नाही असे नाही. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) प्रवासवर्णन नाही. पण महिन्यामहिन्याने निसर्ग वाचण्याची जी शिस्त त्यात आहे, ती आपल्या प्रवासी लेखकांनी का घेऊ नये? यावर आक्षेप येईल की प्रवाशाजवळ वर्ष नसते, दिवस असतो. आक्षेप खरा आहे. परंतु दिवस असलेल्याने दिवसापुरते प्रामाणिक असावे, एवढेच आमचे म्हणणे. चार ठिकाणांपैकी एक वगळून बागेत दोन तास एका बाकावर बसता येते. माळ्याला झाडाचे नाव विचारता येते. सकाळी सहाला कोण येते आणि दुपारी बाराला सावलीत कोण डबा उघडते, हे पाहता येते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ने प्रवासवर्णनात स्थळांपेक्षा माणसांना मान दिला, हे तिचे मोठेच कार्य. शहरातील बाग ही तर अशी जागा, की जेथे त्या शहराची माणसे तिकिटाच्या रांगेत किंवा दुकानाच्या गल्ल्यावर नसतात. ती नुसती असतात.

हा केवळ वाङ्मयीन रुचीचा प्रश्न असता तर आम्ही एवढा आग्रह धरला नसता. सरकारी सेवेत असताना जमिनींच्या नोंदी आमच्या नजरेखालून पुष्कळ गेल्या. ज्या जागेवर बांधकाम नसे, तिच्यापुढे ‘रिकामी’ असा शेरा पडे, मग तेथे जुनी कडुनिंबाची राई का असेना! आणि जी जागा कागदावर रिकामी, ती भरण्याचा प्रस्ताव आज ना उद्या येतोच. आमच्या कमाटीबागेचेच पाहा. विश्वामित्रीच्या काठी १८७९ साली झालेली ही बाग पाहुण्यांना आपण कशी सांगतो? वस्तुसंग्रहालय, प्राणिसंग्रहालय, तारांगण, फुलांचे घड्याळ. यांतील प्रत्येक गोष्टीने मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्या आनंदित झाल्या, ते आम्ही नाकारीत नाही. परंतु या यादीत झाडांखालची मोकळी जमीन कोठेच नाही. जे वर्णनात येत नाही ते गणतीतही येत नाही, आणि जे गणतीत नाही ते गेल्याची तक्रार तरी कोण करणार? चांगले वर्णन हीदेखील एक नोंद असते. ‘येथे काही आहे’ असे सांगणारी.

आमच्या सभासदांची मुले-नातवंडे आज पुण्या-बंगळूरपासून लंडनपर्यंत पसरली आहेत आणि त्यांच्याकडे जाऊन आल्यावर पुष्कळजण या पत्रिकेसाठी लिहितात. त्यांना आमची विनंती एवढीच, की पुढच्या लेखात बाग आली तर ‘रम्य’ हा शब्द वगळून पाहावा. त्याच्या जागी महिना लिहावा, वेळ लिहावी, तीन झाडांची नावे लिहावीत आणि शेजारच्या बाकावर कोण बसले होते ते लिहावे. लेख चार ओळींनी वाढेल. त्या ओळी आम्ही प्रथम वाचू.