गुराबेची नाळ कशी होती?

तयार संच न आणता, लाकडाच्या फळीपासून जहाजाची प्रतिकृती घडवण्याची कला आपल्याकडे मागे का, असे विचारले की ‘कारागीर उरले नाहीत’ हे उत्तर ठरलेले. ते पटत नाही. नाशिकचे अंबडच घ्या. समुद्र इथून शंभरेक किलोमीटरवर. पण औद्योगिक वसाहतीत बारीक मापाचे काम रोजचे, आणि पेठ-सुरगाण्याचा साग जवळ. (खरे जहाज सागाचे असले तरी प्रतिकृतीला साग फारसा बरा नाही. 1:50 प्रमाणात पंचवीस सेंटिमीटरची फळी पाच मिलिमीटरची होते आणि तिच्यावर सागाची शीर दोरखंडाएवढी दिसते. त्यापेक्षा बारीक पोताचा हळदू बरा.) हात आहेत, लाकूड आहे, नाही तो आराखडा. दुखणे तिथे आहे.

मुंबईच्या गोदीत वाडियांनी 1817 साली बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ कुणालाही बिनचूक करता येते. तिच्या वर्गाचे आराखडे ब्रिटिशांनी जपले, आणि जहाज स्वतः हार्टलपूलला उभे आहे. मराठ्यांच्या गुराब या लढाऊ जहाजाचे तसे नाही. फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. मराठी गोदीतला मोजमापाचा आराखडा आपल्या हाती नाही. उरतात ती वर्णने. त्यांत इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्मचे सर्वांत नेमके: दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची सुमारे तीनशे, लांबीच्या मानाने रुंद, पाण्यात उथळ, पुढे निमुळती होत गेलेली लांब नाळ (जहाजाचे पुढचे टोक), आणि तिच्यामागच्या आडभिंतीतून नाळेवरून मारा करणाऱ्या दोन तोफा. आता ‘शिवकालीन’ म्हणून विकली जाणारी प्रतिकृती पाहा. उंच गोल नाळ, खोल पोट, कोरीव पिछाडी. बहुतेक वेळा ते युरोपी गॅलियनच असते, वर भगवा लावलेले. कोकणच्या खाडीत ते पहिल्याच ओहोटीला रुतले असते.

कोणी म्हणेल, दिवाणखान्यातल्या शोभेच्या वस्तूला एवढा पुरावा कशाला? शोभेपुरते ठीक, पण तीच वस्तू शाळेत, संग्रहालयात जाते आणि मुले तिलाच आरमार समजतात. दुसरा आक्षेप वजनदार आहे: पुरावा अपुरा असेल तर कल्पनेवाचून गत्यंतर काय? नाहीच. अजिंठ्याच्या भित्तिचित्रावरून बांधलेले ‘कौंडिण्य’ हे शिवणीचे जहाज मे 2025 मध्ये नौदलात आले. चित्रात आराखडा नव्हता. म्हणून मद्रास आयआयटीत प्रतिकृतीवर चाचण्या झाल्या, आणि हे अनुमान आहे हे कुणी लपवले नाही. कल्पनेला हरकत नाही, ती पुरावा म्हणून खपवण्याला आहे. शिवाय पुरावा वाढवताही येतो. फ्रेंच नौदल अधिकारी पारी यांनी 1840च्या दशकात आशियाई नौकांचे मोजून काढलेले आराखडे छापले. त्यांत मुंबईची पातेमारी आहे. फासळ्यांचा बाक, फळ्यांची ठेवण यांचा धागा गुराबेकडे नेणारे असे काही आपल्याकडे अजून पुरेसे वापरले गेलेले नाही.

तेव्हा प्रतिकृती करणाऱ्यांनी आणि ती मांडणाऱ्या संग्रहालयांनी एवढे तरी करावे: सोबत एक चिठ्ठी लावावी. नाळ कोणत्या वर्णनावरून, रुंदी कोणत्या नौकेवरून, आणि कोणता भाग निव्वळ अंदाजाने केला, हे तिच्यात लिहावे. आणि कोकणात किनाऱ्यावर कुजत पडलेली जुनी लाकडी गलबते सरपणाला जाण्याआधी टेप घेऊन मोजून घ्यावीत.