पेपर वाचूया : डिसेंबरमध्ये जन्मलेली मुलं आणि एडीएचडी

माझ्या वहिनी अर्जुनी मोरगाव तालुक्यात राहतात. त्यांचा मुलगा यंदा पहिलीत गेला. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "एका जागी बसत नाही, वही अर्धी सोडून उठतो. एकदा डॉक्टरांना दाखवा." वहिनींनी मला फोन केला, "भाऊजी, तुम्ही एवढं शिकता, सांगा. न्यावं का गोंदियाला?" पोराचा जन्म डिसेंबरचा. मला लगेच एक पेपर आठवला. मी ठोकून दिलं, "वर्गात सगळ्यात लहान असेल तो. थांबा वर्षभर."

फोन ठेवून पेपर पुन्हा उघडला. माझा सल्ला त्यात कुठेच नव्हता.

पेपर मॉरो आणि सहकाऱ्यांचा, २०१२ चा, कॅनेडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या ६ ते १२ वयाच्या ९,३७,९४३ मुलांच्या ११ वर्षांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. तिथे शाळाप्रवेशासाठी वय ३१ डिसेंबरला मोजतात. महाराष्ट्रातही आता पहिलीसाठी हीच तारीख आहे. म्हणजे जानेवारीचं आणि डिसेंबरचं मूल एकाच बाकावर, पण वयात जवळपास वर्षाचं अंतर. निष्कर्ष असा : एडीएचडीचं निदान होण्याची शक्यता जानेवारीच्या मुलांपेक्षा डिसेंबरच्या मुलग्यांत ३० टक्के जास्त, मुलींत ७० टक्के जास्त.

पेपरची रचना मजबूत आहे. नमुना प्रचंड आहे, आणि जन्माचा महिना काही पोराच्या वागण्यावरून ठरत नाही. त्यामुळे लहान वयाचा चुळबुळेपणा कधीकधी आजार म्हणून नोंदला जातो, हा संशय रास्त ठरतो.

आता मर्यादा बघू. "३० टक्के जास्त" हे गुणोत्तर आहे. मूळ आकडे पाहा : जानेवारीच्या मुलग्यांत ५.७ टक्के, डिसेंबरच्यांत ७.४ टक्के. शंभरामागे दोनहून कमी वाढ. म्हणजे डिसेंबरच्या ज्या मुलग्यांचं निदान झालं, त्यांतल्या बहुतेकांचं स्पष्टीकरण लहान वयाने देता येत नाही. शिवाय या नोंदींवरून डिसेंबरच्या मुलांचं निदान जास्त झालं, की जानेवारीच्यांचं राहून गेलं, हे नक्की सांगता येत नाही.

माझी खरी चूक याहून साधी होती. पेपर निदान मोजतो. वहिनींचा प्रश्न तपासणीचा होता. डीएसएम-५ या निदानपुस्तिकेच्या निकषांत लक्षणं सहा महिने टिकलेली हवीत, घर आणि शाळा अशा दोन ठिकाणी दिसायला हवीत, आणि ती वाढीच्या टप्प्याला न शोभणारी हवीत. म्हणजे वयाचा प्रश्न नीट केलेल्या तपासणीतच विचारला जातो. त्याच वेळी ऐकू नीट येतं का, दिसतं का, झोप होते का, हेही पाहतात. डिसेंबरचा जन्म ही डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे, घरी थांबायचं कारण नाही.

आणि परिस्थितीही वेगळी. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या आजारांच्या यादीत एडीएचडी आहे, पथक शाळेत येतं. पण वर्षातून एकदा आलेल्या पथकाला मूल किती वेळ दिसणार? रोज पाहतात त्या बाईच. त्यांचं वाक्य मी एका अर्धवट आठवलेल्या आकड्याने खोडून काढलं. दंगा करणारा पोरगा निदान नजरेत तरी येतो, खिडकीबाहेर बघत गप्प बसणारी पोरगी तर बऱ्याचदा कुणाला दिसतही नाही.

मी वहिनींना परत फोन केला. "आधी चुकीचं सांगितलं. घेऊन जा. जन्मतारीख आवर्जून सांगा, आणि वर्गात काय दिसतं ते बाईंकडून लिहून घ्या." त्या म्हणाल्या, "रोवणी आटोपली की जातो."

तुम्ही उद्या संशोधनात याल, तेव्हा नातेवाईक तुम्हालाही असंच विचारतील. उत्तर देण्याआधी दोन गोष्टी बघा : पेपरने नेमकं काय मोजलं, आणि समोरच्याने नेमकं काय विचारलं.