भादाणें ताम्रपट आणि ज्ञानकोशाचे प्रस्तावनाखंड

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे 23 विभाग पुरे जमविणारे संग्राहक थोडे. आमच्या पाहण्यांतील बहुतेक जण अकारविल्हे शरीरखंड जपतात. पहिले पांच प्रस्तावनाखंड मात्र कपाटाच्या तळाशीं पडून असतात. कोशाआधीं पांच ग्रंथांचें पाल्हाळ कशास, हा आक्षेप जुनाच आहे. आम्हांस तो मान्य नाहीं.

भिवंडी तालुक्यांतील भादाणें येथला ताम्रपट घ्या. उत्तर कोंकणचा शिलाहार राजा अपराजित यानें शके 919 मध्यें हें गांव लवणतट येथील लोणादित्याच्या देवालयास दिलें. डॉ. कीलहॉर्न यांनीं हा लेख एपिग्राफिया इंडिकाच्या तिसऱ्या खंडांत प्रसिद्ध केला. लवणतट म्हणजे भिवंडीजवळचें लोनाड. लवणाचें लोण कसें झालें हें भाषाशास्त्रानें कळतें. दानाची मिति आषाढ वद्य 4, आणि त्याच दिवशीं कर्कसंक्रांति. दोहोंचा मेळ 24 जून 997 रोजीं बसतो, हें गणितावांचून ठरत नाहीं. पण खरें मोल पुढेंच आहे. तैलप चालुक्यानें 973 सालीं राष्ट्रकूटांचें राज्य बुडविलें. तरीहि 24 वर्षांनंतर अपराजित आपल्या पटांत राष्ट्रकूटांची वंशावळ देतो आणि त्या सत्तेच्या नाशाबद्दल हळहळतो. नव्या सम्राटाचें स्वामित्व मात्र मानीत नाहीं. तैलप कोण हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यास ही वंशावळ कवीची भाटगिरीच वाटावयाची. बनावट पट ओळखण्याचें कामहि अशाच मेळावर चालतें. नुसत्या अक्षरवळणावर भिस्त ठेवणारे फसतात.

अकारविल्हे मांडणींत ‘तैलप’ एका विभागांत, ‘राष्ट्रकूट’ दुसऱ्यांत, ‘शिलाहार’ तिसऱ्यांत. शोधणाऱ्यास माहिती मिळते, परंतु काय शोधावें हें त्यास कोणी सांगत नाहीं. ‘बुद्धोत्तर जग’ व ‘विज्ञानेतिहास’ हे खंड तें सांगूं पाहतात. राज्यें, भाषा आणि शास्त्रें त्यांत एका प्रवाहांत येतात.

दोष नाहींत असें नव्हे. रोमापासून चीनपर्यंतचा पट उलगडतांना कोंकणासारख्या प्रांताचा धागा हातून सुटतो, आणि वाक्यें कधीं कधीं इतकीं लांबतात कीं कर्ता विसरावा. शिवाय कोश आपल्या काळापाशीं थांबला आहे. शिलाहारांचे लेख एकत्र पाहावयाचे तर म. म. मिराशी यांचा 1977 चा संग्रहच जवळ हवा. तथापि ज्यांच्यापाशीं केवळ शरीरखंड आहेत, त्यांनीं निदान पांचवा विभाग तरी मिळवावा, आणि भादाण्याचा पट पुढें ठेवून तो वाचावा.