घोषणा आणि अभिवादन

राजकीय घोषणेचा विचार बहुधा प्रचाराच्या अंगाने केला जातो. घोषणा म्हणजे संक्षिप्त केलेला विचार आणि समूहाला चेतविणे हे तिचे कार्य, असे गृहीत धरले जाते. हे गृहीत अपुरे आहे. घोषणेने किती माणसे जमली यापेक्षा, सभा पांगल्यावर त्यांच्या आचरणात तिचे काय उरले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय.

महाराष्ट्रातील दोन घोषणा या कसोटीस लावून पाहाव्यात. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही शासनाला उद्देशून केलेली मागणी होती. परस्परविरोधी पक्ष तिच्यामुळे एका व्यासपीठावर आले. परंतु १ मे १९६० रोजी राज्य स्थापन झाले आणि, सीमाभागाचा प्रश्न शिल्लक राहिला तरी, तिचे मुख्य प्रयोजन संपले. ‘जय भीम’ या घोषणेची गती निराळी. तिच्या प्रसाराचे श्रेय सामान्यतः कामठीचे कार्यकर्ते बाबू हरदास यांना दिले जाते; ते १९३९ मध्ये निवर्तले. या घोषणेत शासनाकडे कसलीच मागणी नाही. म्हणूनच ती सभेतून घरात व रस्त्यावर येऊ शकली आणि अभिवादन बनली.

या स्थित्यंतराचे मर्म जुन्या रूढीशी तुलना केली म्हणजे ध्यानी येते. महाराने वरच्या मानलेल्या जातींच्या माणसाला ‘जोहार’ करावयाचा असे. जोहार खालून वर जाई. वरून जोहार येत नसे. ‘जय भीम’चे उत्तर मात्र ‘जय भीम’ हेच. समतेचे तत्त्व ग्रंथांतून उमगण्यापूर्वीच ते येथे नित्य आचरले जाते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धर्मांतर झाले, तेव्हा रामकृष्णादी देवांची उपासना सोडण्याची प्रतिज्ञा घेणाऱ्यांना ‘रामराम’ला पर्याय शोधावा लागला नाही, तो आधीच जिभेवर रुळलेला होता.

तथापि या सामर्थ्याला एक मर्यादा आहे. अभिवादन पूर्ण होण्यास प्रत्युत्तर लागते. समाजाबाहेर हाच शब्द उच्चारणाऱ्याची जात उघड करतो. म्हणून भाड्याची खोली शोधताना किंवा नव्या कचेरीत पाऊल टाकताना तो ओठांवरच अडखळू शकतो. घोषणा आपल्या उच्चारकाचे आचरण बदलू शकते. ऐकणाऱ्याचे आचरण बदलले की नाही, हे त्याच्या उत्तरावरूनच ठरावयाचे.