कोड ९२

गेल्या मे महिन्यात गावी होतो तेव्हा एका सर्वेक्षणाच्या मॅडम दारात आल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. बाबांनी खुर्ची दिली, मी पाणी आणलं आणि सवयीने त्यांच्या स्क्रीनमध्ये डोकावलो. मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. फॉर्म बनवणं हा माझ्या पोटापाण्याचाच भाग, त्यामुळे दुसऱ्याचा फॉर्म दिसला की ड्रॉपडाउन कसा केलाय ते आधी बघतो. बाबांची माहिती भरून झाली, माझी झाली. मग मॅडमनी विचारलं, "आणि काकू कामाला जातात का?"

"ती? नाही. ती घरीच असते."

मॅडमचं बोट एका पर्यायावर टेकलं, पुढचा प्रश्न आला. आई तेव्हा मागे गोठ्यात धार काढत होती. आमच्या दोन म्हशी आहेत. वैरण आणणं, शेण-घाण काढणं, दोन वेळची धार, डेअरीला दूध घालणं, सगळं तिच्याकडे. दर दहा दिवसांचं दुधाचं बिल मात्र बाबांच्या खात्यावर जमा होतं, कारण सभासद ते आहेत.

मीही काही बोललो नाही. ते टोचतंय म्हणून हे लिहितोय, हे आधीच सांगितलेलं बरं.

पुण्यात परतल्यावर सरकारी प्रश्नावल्या उतरवून घेतल्या आणि रात्री झोपताना फोनवर वाचायला लागलो. आपण कादंबरीतल्या निवेदकावर पानंच्या पानं लिहितो. पण लाखो घरांच्या दारात उभं राहून विचारल्या जाणाऱ्या या गद्यालाही निवेदक असतो, त्याचीही ठाम मतं असतात. त्याची समीक्षा व्हायला काय हरकत आहे?

देशात रोजगार मोजणारं मुख्य सर्वेक्षण म्हणजे एप्रिल २०१७मध्ये सुरू झालेलं पीएलएफएस. त्यात प्रत्येक माणसाला त्याच्या कामानुसार दोन आकडी कोड मिळतो. ११ म्हणजे स्वतःचा धंदा, २१ म्हणजे घरच्या धंद्यात बिनपगारी मदतनीस, ३१ म्हणजे नियमित पगारदार (हा मी). ९१ म्हणजे विद्यार्थी. ९२ म्हणजे फक्त घरकाम. ९३ म्हणजे घरकाम करून शिवाय घरापुरतं सरपण, भाजीपाला, चारा गोळा करणारी किंवा शिवणटिपण करणारी. ९०च्या पुढचे कोड श्रमबलाबाहेरचे. म्हणजे डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन चाललेली बाई हिशोबात पेन्शनर आजोबांच्या शेजारी बसते, त्यांचा कोड ९४.

व्याख्या वाचताना खरी गंमत पुढे आहे. घरी खायला ज्वारी पिकवली तर ते आर्थिक काम. तीच ज्वारी दळून भाकरी थापली तर नाही. राष्ट्रीय उत्पन्न मोजताना रेघ कुठेतरी ओढावीच लागते, हे कळतं. पण ती रेघ बरोबर चुलीपाशीच येऊन थांबावी, हा योगायोग नसावा असं माझं मत.

तरी एक मान्य करायला हवं. नियमाने पाहिलं तर माझी आई ९२ नाहीच. दूध विकलं जातं, म्हणजे ती किमान २१. वर्षातला बहुतेक वेळ घरकामात गेला असं धरलं, तरी ३० दिवसांहून जास्त चाललेलं दुय्यम काम नोंदवायची सोय फॉर्ममध्ये आहे. म्हणजे आमच्या कंपनीच्या फॉर्मपेक्षा तो बरा. आमच्याकडे 'व्यवसाय' या रकान्यात एकच गोल रंगवता येतो, त्यात 'गृहिणी' हा पर्याय आहे आणि तो मीच जुन्या फॉर्ममधून कॉपी-पेस्ट केलाय.

मग चुकतं कुठे? दारातल्या त्या एका वाक्यात. "कामाला जातात का?" आमच्याकडे 'कामाला जाणं' म्हणजे दुसऱ्याच्या बांधावर रोजाने जाणं, नाहीतर कुणाच्या घरी धुणीभांडी करणं. स्वतःच्या शेतात आपण 'रानात' जातो. म्हशीचं तर 'बघतो'. तेव्हा बाबा खोटं बोलले नाहीत. त्यांनी मराठीत विचारलेल्या प्रश्नाचं मराठीत उत्तर दिलं. शिवाय बायको कामाला जात नाही हे सांगताना आवाजात थोडा मान असतो, तो कुठल्या रकान्यात भरणार? आणि घरातल्या एकाने सगळ्यांची उत्तरं दिली तरी चालतं.

एनएसएसओच्या जुन्या रोजगार सर्वेक्षणांना हे चांगलं ठाऊक होतं. २०११-१२च्या ६८व्या फेरीत घरकाम करणाऱ्यांसाठी एक वेगळा भाग आहे. मी वाचलेल्या सरकारी गद्यातला तो सगळ्यात जिवंत तुकडा. परसात भाजी लावता का? कोंबड्या, दुभती जनावरं बघता का? सरपण, चारा आणता का? धान्य सडता-दळता का? गोवऱ्या थापता का? मुलांना शिकवता का? पाणी बाहेरून आणता का, किती लांबून? प्रश्नकर्त्याने बाईच्या मागे दिवसभर फिरून केलेली ही यादी वाटते. आणि एवढं सगळं 'हो' आलं, तरी तिचा मूळ कोड जागचा हलत नाही. सगळं दिसूनही काहीच न बदलणारा हा निवेदक मला नुसत्या अज्ञानी निवेदकापेक्षा जास्त खटकतो.

पीएलएफएसनुसार १५ वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमबलातला सहभाग २०१७-१८मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. वाढीतला मोठा वाटा स्वयंरोजगाराचा, त्यातही बिनपगारी मदतनिसांचा. बायका नव्याने कामाला लागल्या, की आधीचंच काम आता नीट विचारलं जातंय, यावर अर्थतज्ज्ञांत वाद आहे. माझ्याकडे दोन म्हशींएवढाच पुरावा आहे, तेव्हा गप्प बसतो.

याउलट २०१९चं टाइम यूज सर्व्हे वाचून हायसं वाटलं. तो तुम्ही कोण आहात यापाशी थांबत नाही, काल काय काय केलं ते विचारतो. पहाटे ४ ते दुसऱ्या पहाटे ४, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ ओळी. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्यांपैकी बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांचे ९७, हे याच ओळींमधून कळलं. 'घरीच असते' हे वाक्य भरायला इथे जागाच नाही.

म्हणून एका रविवारी आईला फोन लावला आणि लॅपटॉपवर ४८ ओळी काढून बसलो.

"काल पहाटे ४ ते साडेचार?"

"झोपलेली की."

"५ ते साडेपाच?"

"उठले. शेण काढलं. चहा ठेवला. वैरण टाकली. तुझ्या बाबांना हाक मारली. असं अर्ध्या तासाचं कोण बघतंय रे?"

एका ओळीत फार तर तीन कामं बसतात. मी कमी करत गेलो. दूध तापत असताना ती शेजारच्या पोराचा अभ्यास घेत होती आणि लसूणही सोलत होती. यातलं मुख्य काम कोणतं, असं मी विचारलं.

"दूध. उतू गेलं असतं ना."

मग न राहवून विचारलं, "आई, त्या मॅडमनी तुलाच विचारलं असतं, कामाला जाता का म्हणून, तर?"

"नाही म्हटलं असतं. मी कुठं जाते कामाला?"

"मग म्हशी?"

"त्या आपल्याच आहेत."

मी बोलायला लागलो, तेवढ्यात मागून म्हैस हंबरली. धारेची वेळ झालीय, नंतर लाव, म्हणत तिने फोन ठेवला. संध्याकाळी साडेपाचपासूनच्या ओळी अजून रिकाम्या आहेत.