प्रवासवर्णनातला हिशेब



‘प्रवास केला की जगाची अर्थव्यवस्था कळते का?’ या प्रश्नावर बोला, असं आयोजकांनी सांगितलं. आम्ही काही अर्थशास्त्राचे जाणकार नाही. आम्ही वाचणारे, आणि वाचलेल्यावर चार शब्द लिहिणारे. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर आम्ही मराठी प्रवासवर्णनात शोधणार आहोत. आपण बसलोय वाशीत. त्याचा या विषयाशी काय संबंध, ते शेवटाकडे येईलच.

सुरुवात स्वतःच्या चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी आम्ही सिंगापूरला गेलो होतो. पाच रात्री, सहा दिवस, सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं भारतीय जेवण पैशांत धरलेलं. तिथलं बंदर लांबून पाहिलं. क्रेनच्या रांगा, रंगीबेरंगी कंटेनरचे डोंगर. परत आल्यावर एका दिवाळी अंकात लेख लिहिला. त्यात तिथली स्वच्छता, शिस्त, मेट्रो, आणि शेवटी ठरलेलं वाक्य : ‘आपल्याकडे हे कधी होणार?’ लेख लोकांना आवडला. मग उरणच्या एका वाचकाचा फोन आला. ते म्हणाले, ‘साहेब, लेख छान आहे. पण सिंगापूरची बंदर चालवणारी कंपनी आमच्या इथेच टर्मिनल चालवते. तुम्ही ते पाहिलंय का?’

पाहिलं नव्हतं. वाशीपासून तासाभराच्या अंतरावर, आणि आम्ही गेलो नव्हतो. त्या फोनपासून आम्ही आपली प्रवासवर्णनं पुन्हा काढून वाचायला लागलो, आणि प्रत्येक पुस्तकाला एकच प्रश्न विचारायला लागलो : यात हिशेब आहे का? म्हणजे, या माणसाच्या प्रवासाचे पैसे कुठून आले? समोर भेटणारा माणूस काय कमावतो? आणि त्याच्या देशाचा आपल्या घराशी व्यवहार काय?

आता गंमत बघा. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या आणि आजही ताज्या वाटणाऱ्या प्रवासवर्णनात हा हिशेब पहिल्याच पानांवर आहे. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. गोडसे भटजी पेणजवळच्या वरसईचे, म्हणजे आपले शेजारीच. १८५७ साली ते उत्तरेकडे निघाले ते देश बघायला नव्हे. घर कर्जात होतं आणि बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, तिथे दक्षिणा मिळेल, अशी बातमी आली होती. वाटेत बंड सुरू झालं आणि भटजी त्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. झाशी पडल्यावरच्या लुटीचं वर्णन करतानाही त्यांचं लक्ष कशाकडे आहे? कोणत्या मालावर आधी हात पडला आणि कोणत्या मालावर नंतर, याकडे. सोनंनाणं, मग भांडीकुंडी, मग कापडचोपड, धान्य. ज्याला स्वतः चार पैसे जोडायचे आहेत, त्याचीच नजर अशी असते. वाटेत भटजी लुटलेही गेले. शेवटी घरी आले ते गंगेची कावड घेऊन, गाठीला फारसं काही नसताना. १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी हे पुस्तक छापलं. आपण ते सत्तावनच्या इतिहासाचं साधन म्हणून वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण कर्ज फेडायला निघालेल्या माणसाचं पुस्तक म्हणूनही ते वाचून बघा. वेगळंच दिसतं.

दुसरं पुस्तक पंडिता रमाबाईंचं, १८८९ सालचं, ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. नावातच आधी लोकस्थिती आहे, प्रवास मागून येतो. रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेत गेल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. पण तिथे राहिल्या, देशभर फिरल्या, व्याख्यानं दिली, पुस्तक लिहून विकलं आणि विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. म्हणजे या प्रवासाचा ताळेबंद शाळेच्या रूपाने समोर उभा राहिला. असा प्रवासी देश कसा बघतो? संस्था कशा चालतात, बायका एकत्र येऊन काय काय चालवतात, वर्गणी कशी जमते, हे तो बघतो. रमाबाई अमेरिकेवर खूश आहेत, पण तिथल्या वर्णभेदाकडे त्यांनी डोळेझाक केलेली नाही. ज्याच्याकडून मदत घ्यायची त्याच्याविषयी खरं लिहायचं, हे आजही किती जणांना जमतं?

मग १९४० सालचं अनंत काणेकरांचं ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’. मराठी प्रवासवर्णनाला वळण देणारं पुस्तक म्हणून ते शिकवलं जातं, ते शैलीसाठी. पण त्या नावाकडे नीट बघा. धुकं लंडनचं, लाल तारा रशियाचा. भांडवलशाही देशातून समाजवादी देशाकडे जाणारी वाट शीर्षकातच आखलेली आहे. माणसांनी पैसा कसा वाटून घ्यावा, हा त्या काळातला सगळ्यात मोठा वाद होता. एक मराठी लेखक त्या वादाच्या दोन्ही टोकांना जाऊन आला, ही साधी गोष्ट नव्हे.

इथून पुढे मात्र एक वळण येतं, आणि आमची तक्रार त्याच्याशी आहे. वळण आणणारा लेखक मोठा आहे, म्हणून जपून बोलतो. गंगाधर गाडगीळ. व्यवसायाने अर्थशास्त्राचे प्राध्यापक. त्यांचं ‘गोपुरांच्या प्रदेशात’ १९५२ चं, ‘साता समुद्रापलीकडे’ १९५९ चं. गाडगीळांनी प्रवासवर्णनातली माहितीची जंत्री हटवली आणि प्रवाशाचं मन मध्यभागी आणलं. रंग, आकार, क्षणाक्षणाला बदलणारी चित्तवृत्ती. मराठी गद्याला त्याचा फायदाच झाला. पण त्यांच्या मागून आलेल्यांनी काय उचललं? मन उचललं, आणि गाडगीळांच्या डोक्यात पक्कं बसलेलं अर्थशास्त्र मागे ठेवलं. गाडगीळांना ते लिहायची गरज नव्हती, ते त्यांच्या नजरेतच होतं. अनुकरण करणाऱ्यांकडे ते नव्हतंच.

पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ १९६० ची. तो काळ परकीय चलनाच्या टंचाईचा. एका पौंडाला तेरा रुपये तेहतीस पैसे पडायचे, आणि परदेशी जायचं तर सरकारकडून पौंड मिळवावे लागायचे. पुलंच्या विनोदामागे जो संकोच आहे, साहेबाच्या देशात वावरणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाचा, तो त्या टंचाईतून आलाय असं आम्हाला वाटतं. आपण हसतो कारण आपल्याला त्याचा खिसा दिसत असतो.

पुढे १९९१ आलं. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला पंचवीस हजार डॉलर बाहेर न्यायची मुभा दिली. आज ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. चांगलंच झालं. आमच्या आईवडिलांना जे स्वप्नातही शक्य नव्हतं, ते आम्ही सुट्टीत करतो. पण याच काळात प्रवासवर्णनातून खिसा नाहीसा झाला. सगळे पैसे निघायच्या आधी भरलेले. बस दारात, जेवण तयार, तिकिटं गाइडच्या हातात. भाव करायचा नाही, चूक करायची नाही, कुणाकडे काही मागायचं नाही. स्थानिक माणसाशी व्यवहारच होत नाही. मग लिहायला उरतं काय? बर्फ, ट्यूलिप, आणि डाळभात मिळाल्याचा आनंद. मीना प्रभूंसारखी लेखिका वेगळी का वाटते? कारण ती स्वतःचा प्रवास स्वतः आखून एकटी फिरायची. मुक्काम शोधायला, वाट विचारायला तिला माणसांशी बोलावंच लागायचं, आणि त्या बोलण्यातून देश आत यायचा.

यावर कुणी म्हणेल, अहो, लोक आनंदासाठी फिरतात. प्रवासवर्णनाला अर्थसंकल्प कशाला करता? आक्षेप खरा आहे. आकडे कोंबलेलं पुस्तक आम्हीही वाचणार नाही. आणि गरिबीत प्रवास करणाराच खरा, असंही आमचं म्हणणं नाही. टॅक्सीवाला कुठल्या देशातून आला, हॉटेलात चादरी बदलणाऱ्या बाईची मुलं कुठे आहेत, एवढं विचारायला पैसे लागत नाहीत. जग एकमेकांत इतकं गुंतलेलं असताना ते न विचारता लिहिलेलं पुस्तक निव्वळ देखाव्यांचं होतं, आणि देखावे आता फोनवरही दिसतात.

आता वाशीत येऊ. उरणच्या त्या वाचकाने आम्हाला नंतर बंदराच्या बाजूला नेलं. न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं. आज तिथे दुबईच्या डीपी वर्ल्डची टर्मिनल आहेत, डेन्मार्कच्या मर्स्क समूहाचं आहे, आणि सिंगापूरच्या पीएसएचं आहे. आपण दुबई, सिंगापूर बघायला विमानाने जातो, आणि दुबई, सिंगापूर आधीच आपल्या खाडीपलीकडे येऊन कामाला लागलेत. न्हावा आणि शेवा ही गावांची नावं. जगभरच्या जहाजांच्या कागदपत्रांवर ती छापलेली असतात. पण शेवा गावातल्या कोळ्यांना मूळ जागा सोडून हनुमान कोळीवाड्यात जावं लागलं. नाव जगभर फिरतंय, आणि गाव स्वतःच्या जागेवर नाही.

किंवा आपल्या एपीएमसीच्या फळबाजारात या. नोव्हेंबरात तिथे हापूससारखा आंबा दिसतो. तो मलावीचा. कोकणातली कलमं आफ्रिकेत लावली गेली, आणि आपला हंगाम नसताना ते फळ समुद्र ओलांडून आपल्याकडेच विकायला येतं. मुळात ‘हापूस’ हे नाव तरी कुठलं? पोर्तुगीजांच्या ‘अफोन्सो’वरून आलेलं. एका आंब्याच्या पेटीत चारशे-पाचशे वर्षांचा व्यापार आहे. यावर कुणी प्रवासवर्णन लिहील का?

आणि हे शहर ज्या जमिनीवर आहे तिचा हिशेब? १९७० मध्ये सिडको आली, पंच्याण्णव गावांची जमीन शहरासाठी ठरली. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तान परिसरात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात गेले. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व आलं. आपण ज्या इमारतीत राहतो, ती बहुधा कुणाच्या तरी भातशेतीवर उभी आहे. बाहेरचा एखादा लेखक इथे येऊन नवी मुंबईचं प्रवासवर्णन लिहायला लागला, आणि फक्त रुंद रस्ते, पाम बीच आणि फ्लेमिंगो लिहून गेला, तर इथल्या आगरी-कोळी माणसाला काय वाटेल? आम्ही सिंगापूरवर तेच केलं होतं.

अजून एक प्रवासी आपल्या साहित्यात नाहीच. खेड, चिपळूण, दापोलीकडचे कोकणी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर आणि आखातात कामाला गेले. त्यांनी पाठवलेल्या पैशांतून गावाकडे घरं बांधली गेली, मुलं शिकली. त्यांचा प्रवास शंभर टक्के अर्थव्यवस्थेचाच प्रवास. त्यांच्या घरातली पत्रं, कॅसेटवर बोलून पाठवलेले निरोप, विमानतळावरून दोरीने बांधून आणलेली खोकी, यांतून केवढं पुस्तक होईल! पण आपण प्रवासवर्णन म्हणतो ते खर्च करायला गेलेल्या माणसाच्या लिहिण्याला. कमवायला गेलेल्या माणसाच्या लिहिण्याला आपण नावच दिलेलं नाही. आम्ही समीक्षकांनी ही वाटणी कधी तपासली नाही, ही आमची चूक.

२०२५ च्या २५ डिसेंबरपासून आपल्या नव्या विमानतळावरून विमानं उडू लागली आहेत. तुमच्यातले पुष्कळ जण आता इथूनच जग बघायला निघाल. जरूर जा. परत आल्यावर लिहाही. आमची विनंती एवढीच, की लेखाची सुरुवात तिकडच्या विमानतळापासून करू नका. इथून करा. धावपट्टीसाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचं पात्र वळवलं, दहा गावं उठली, आणि मग आपलं विमान उडालं. ते एकदा लिहिलंत, की उतरल्यावर समोरच्या देशाला काय विचारायचं, हे तुम्हाला वेगळं सांगावं लागणार नाही.

त्या सिंगापूरच्या लेखाचा दुसरा भाग आम्ही आता लिहायला घेतलाय. त्याची सुरुवात उरणमधून आहे.

कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.