साक्ष संपते, त्याच्या पुढे

मोबाईलवर मराठी साक्षींचे व्हिडिओ भरपूर सापडतात. साक्ष म्हणजे ख्रिस्ती झालेल्या माणसाने सांगितलेली स्वतःची गोष्ट. साचा ठरलेला असतो. आधी दारू, आजारपण किंवा घरातली भांडणं; मग कुणीतरी प्रार्थनेला नेलं; मग शांती. पाच-सात मिनिटांत सगळं संपतं. सास्तूरला बसून मी असे बरेच व्हिडिओ पाहिले आणि दर वेळी एकच प्रश्न पडला: पुढच्या सोमवारी काय झालं?

आमचा जिल्हा तुळजाभवानीचा. नवरात्रात घरोघरी घट बसतात. अशा घरातल्या नव्या विश्वासणाऱ्याने आईने पुढे केलेला प्रसाद घ्यायचा की नाही? घेतला तर मन खातं, नाही घेतला तर आई रडते. प्रार्थनेला बसलो आणि आत काहीच हललं नाही, हे कुणाला सांगायचं? साक्षीच्या साच्यात या प्रश्नांना जागा नसते. मग त्याला वाटतं, खोट आपल्यातच आहे. खरं तर प्रश्न जुना आहे. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने मूर्तीला वाहिलेल्या अन्नावर आख्खा आठवा अध्याय खर्च केलाय.

मराठीतही या झगड्यावर फार आधी लिहून झालंय. बाबा पदमनजींचं ‘अरुणोदय’ १८८८ सालचं. बेळगावात वाढलेल्या पदमनजींनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्याआधीचं वाचन, शंका, घरच्यांची धास्ती, गुपचूप जातिबंधनं मोडणाऱ्या परमहंस मंडळीतला वावर, हे सगळं त्यांनी सविस्तर लिहिलंय. पण पुस्तकाचं नावच सांगतं की रात्र संपली, पहाट झाली. आजच्या व्हिडिओचा हा पूर्वज म्हणता येईल. फरक इतकाच, की पदमनजी शंकेला मिनिटं नाही, वर्षं देतात.

पंडिता रमाबाई एक पाऊल पुढे जातात. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. त्यानंतरच्या पत्रांत त्या त्रैक्याच्या सिद्धान्तावर आणि चर्चच्या अधिकारावर प्रश्न विचारत राहतात. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असंही विचारतात. १९०७ च्या आपल्या साक्षीत तर त्या कबूल करतात, की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त भेटायला पुढे कितीतरी वर्षं गेली. आज एखाद्या मंडळीत एखादी मुलगी उभी राहून एवढं बोलू शकेल का?

तरीही माझ्या मते यातलं सगळ्यात खरं पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई १९०० मध्ये. मधली पाच वर्षं या पुस्तकाचं काळीज आहेत. सोवळ्याने पछाडलेल्या बापाच्या घरात त्या वाढल्या. तिथे बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुतलं जाई. त्यामुळे ताटातुटीनंतर त्या नवऱ्याकडे परतल्या, तरी सोवळं सुटलं नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि उत्तरही स्वतःच शोधलं. त्यांचा झगडा सिद्धान्ताशी कमी, कुणाच्या हातचं पाणी प्यायचं याच्याशी जास्त. डोक्याला पटलेलं घशाखाली उतरायला वेळ लागतो, हे त्या हसत हसत सांगतात. स्वतःला संत करत नाहीत आणि नवऱ्यालाही करत नाहीत. १९९३ च्या भूकंपानंतर आमच्या भागातली गावं नव्या जागी वसली, रांगेत घरं मिळाली. पत्ता बदलला म्हणून हाताच्या सवयी बदलत नाहीत, हे इथे कुणाला समजावावं लागत नाही.

पण या पुस्तकांनाही मर्यादा आहे. रमाबाई आणि टिळक ब्राह्मण, पदमनजी कासार. सोवळं सोडणं हा लक्ष्मीबाईंचा झगडा. ज्यांच्या सावलीचाच विटाळ मानला गेला, त्यांचा झगडा वेगळा. मराठवाड्यातल्या अनेक ख्रिस्ती घरांची मुळं दलित वस्त्यांत आहेत. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीचा दर्जा राहत नाही. पुढे शीख आणि बौद्धांसाठी तो बदलला, ख्रिस्त्यांसाठी नाही. म्हणजे ज्याला ‘खरं बोल’ असं शिकवलं, त्यालाच मुलाच्या दाखल्यापुढे ठरवावं लागतं: विश्वास कबूल करायचा, की मुलाची फी वाचवायची? गप्प राहिला तर त्याला पेत्राचा नकार आठवतो. बोलला तर पोराचं शिक्षण अडतं. याला नुसता कायद्याचा प्रश्न म्हणून सोडून देता येत नाही, रात्रीची झोप उडवणारा हा आत्म्याचा प्रश्न आहे. त्यावर ‘स्मृतिचित्रे’च्या तोडीचं पुस्तक माझ्या वाचनात अजून आलेलं नाही.

ते लिहिणारा कदाचित आज मोबाईल समोर धरून साक्ष रेकॉर्ड करत असेल. त्याने शांतीबद्दल जरूर बोलावं. पण रविवारवर थांबू नये. सोमवारचा प्रसाद, मंगळवारची कोरडी प्रार्थना, तहसील कचेरीतली रांग, हेही सांगावं. ऐकणाऱ्यांत कुणीतरी असतं, ज्याला आपण एकटेच असे आहोत असं वाटत असतं.